जात्याची घरघर काढल्यावर

थंडीच्या दिवसांत भिगवणची सकाळ लवकर उघडत नाही. उजनी धरणाच्या पाण्यावरचं धुकं हायवे ओलांडून स्टेशनाकडं सरकतं, त्यातनं आधी मासळीचा वास येतो आणि मग मासळीवाले. नव्व्याण्णव सालच्या तसल्याच एका सकाळी रश्मीनं आपल्या कॅसेटींच्या दुकानाचं शटर वर ढकललं, दारात पाणी मारलं आणि कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टेपचं हेड पुसायला बसली.

बारामतीला क्लास करून ती कॉम्प्युटर शिकली होती. लोक पुण्याहून एमपीथ्रीची सीडी आणायचे, एका सीडीत शे-दीडशे गाणी. पण ती ना टेम्पोच्या टेपवर वाजायची, ना वॉकमनमध्ये. रश्मी त्यातली हवी ती गाणी कॅसेटीवर उतरवून द्यायची. कुणी जुनी कॅसेट आणली तर उलटंही करायची.

त्या दिवशीचं काम मात्र घरचं होतं. तिचा बाप कचरू, रेल्वेतला रिटायर गँगमन, फडक्यात गुंडाळलेली कॅसेट घेऊन आला.

"बाय, बुरशी धरलीय. पान्याचा गारवा लागला. आता काय करायचं ती कर."

कॅसेटीत रश्मीच्या आईच्या, ताईबाईच्या, जात्यावरच्या ओव्या होत्या. मामानं खडकीहून टेप आणून हौसेनं भरलेल्या. पुढच्याच महिन्यात रश्मी जन्मली आणि ताईबाई गेली. कचरूनं ती कॅसेट ट्रंकेत घातली ती घातलीच. स्वतः ऐकली नाही, कुणाला ऐकू दिली नाही. रश्मीनं आईचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. आणि फीत इतकी कुजलेली, की वाजली तर एकदाच वाजणार.

वाजली. शेवटाला तुटली, पण तोवर सगळं कॉम्प्युटरात उतरलं होतं.

"जातंच लई घरघरतंय," कचरू म्हणाला. "बोल कळंना झालेत. तेवढं काढ की."

रश्मीला ते येत होतं. नुसत्या घरघरीचा तुकडा मशीनला दाखवायचा आणि सांगायचं, एवढं सगळीकडनं काढ. मशीन बराच वेळ कुरकुरलं. तिनं हेडफोन कानाला लावला. आई. अगदी शेजारी बसून गावी तशी.

आणि आईच्या मागं आणखी कुणीतरी.

आधी तिला वाटलं, फितीचा दोष असेल. वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. पण तसं झालं तर बोल तेच येतात. हे बोल निराळे होते. आईनं ओवी सोडली की दुसरा आवाज ती उचलत होता, समोरासमोर बसून दोघींनी दळावं तसा:

दारीच्या झाडाला गं पानी घालीन मी सांजं
तुज्या वाट्याचं दळान, आई, आता हाय माजं

वरच्या सुरात तो आवाज चिरकला. रश्मीला चौथीत डांग्या खोकला झाला होता, तेव्हापासून तिचाही आवाज नेमका तसाच चिरकायचा.

"आबा, आईच्या समोर दळायला कोन बसायचं?"

"कोन बसतंय? एकटीच वडायची. दिवस भरत आलं हुतं, तरी आयकायची न्हाय."

"मग ही कोन गातंय?"

कचरूनं हेडफोन घेतला. ऐकता ऐकता त्याच्या कपाळाला आठी पडली. "रश्मे, सकाळच्या पारी चेष्टा करतीस व्हय? तुजाच आवाज भरलास, आन् मलाच इचारतीस?"

"आबा, म्या कधी ओवी म्हनलीय का?"

कचरूनं हेडफोन निखारा ठेवावा तसा टेबलावर ठेवला.

रश्मी हट्टाला पेटली. तिला आई हवी होती, एकटी आई. तिनं त्या दुसऱ्या आवाजाचा तुकडा मशीनला दाखवला आणि सांगितलं, हाही काढ. तो गेला, पण त्याच्यासंगं आईही गेली. उरला नुसता श्वास. घाईघाईनं तिनं सगळं होतं तसं परत आणलं आणि शेवटापर्यंत ऐकत राहिली.

शेवटाला जातं थांबत होतं. आईला धाप लागली होती. मग गाणं सोडून साध्या बोलण्यातला तिचा आवाज आला, "दमलीस का गं?"

रश्मीचे ओठ हलले. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच हेडफोनमधून उत्तर आलं, "न्हाय."

"काय म्हनली ती?" कचरूनं विचारलं.

"काय न्हाय." तिनं हेडफोन काढून ठेवला. "आबा, नव्या कॅसेटीवर कसलं भरू? जात्यासकट का बिगर जात्याचं?"

कचरूनं बाहेरच्या धुक्याकडं बघितलं. "जात्यासकटच भर. त्या दोघींचं दळान चाललंय. आपुन मधी कान घालून कशाला बसायचं?"

रश्मीनं स्वच्छ केलेली फाईल पुसली. बटणावर बोट ठेवून थोडी थांबली, पण पुसली. उरलेल्या मूळ फाईलीत जात्याखाली आईचे बोल पुन्हा बुडाले. तीच तिनं कॅसेटीवर भरून कचरूच्या हातात दिली.

दारात टेम्पो करकचून थांबला. मासळी वाहणारा झुंबर खिडकीतनंच ओरडला, "रश्मीताई, माजी कॅसेट झाली का न्हाय? कालपास्नं टेम्पोत नुसत्या माशा गात्यात!"

"थांब की जरा, भाऊ. एकच बाजू झालीय."

तिनं झुंबरची कॅसेट उलटी करून डेकमध्ये घातली, पेन्सिलीनं नव्या चिठ्ठीवर गाण्यांची नावं लिहायला घेतली.