कटिंग विभागातील एक महिला कामगार

माझी आत्या खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या मशीनवर होती. कटिंगमध्ये सगळे पुरुष, बाई म्हणजे ही एकटी. आम्ही बाकीच्या बायका पलीकडे टेबलांवर खोकी चिकटवायचो. नव्या माणसाला आत्याने मशीन शिकवायचं आणि थोड्याच दिवसांत त्याने सुपरवायझर होऊन तिच्यावरच डाफरायचं, अशी तिथली रीत. या खेपेला जागा रिकामी झाली तेव्हा मात्र मालक स्वतः म्हणाले, "बाई, आता तुमचाच विचार आहे." आत्या हुरळून जाणारी नव्हे, पण त्या दिवशी घरी येताना गुणगुणत होती.

नेमक्या तेव्हाच विद्यापीठातल्या प्राध्यापकबाई उगवल्या. उद्योगांमधली समानता आणि विविधता हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आत्याला स्टोअररूममध्ये बसवलं, दार लोटलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "अगदी मोकळेपणाने बोला हं. नाव कुठेही येणार नाही." आणि आत्या बोलली. इतकी वर्षं गिळलेलं सगळं बोलली.

मग एके दिवशी कँटीनच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून निष्कर्ष दाखवले. मालक पुढच्या खुर्चीत, आम्ही मागे उभे. भिंतीवर ठळक अक्षरं आली: 'कटिंग विभागातील एक महिला कामगार म्हणते, ज्यांना मी ब्लेड बदलायला शिकवलं, तेच मला अक्कल शिकवतात. मालकांना बाई फक्त फोटोपुरती हवी.'

नाव नव्हतं. शब्द पाळला म्हणे! अख्ख्या कँटीनच्या माना आत्याकडे वळल्या. कोणीतरी फिदीफिदी हसलं. अहो, त्या विभागात दुसरी बाई आहे तरी का, एवढं बघायला काय झालं होतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालक मात्र हसतमुखाने टाळ्या वाजवत होते.

त्याच आठवड्यात आत्याला माझ्या शेजारी खोकी चिकटवायला बसवलं. का, तर म्हणे बायकांना बायकांत बरं वाटतं! सुपरवायझर झाला बारक्या. त्याला मशीनचं बटण कुठे असतं ते आत्यानेच दाखवलं होतं.

संशोधनाच्या पुढच्या टप्प्यासाठी प्राध्यापकबाई परत आल्या. कटिंगमध्ये एकही बाई दिसेना, तेव्हा ओशाळून आमच्या टेबलाशी आल्या.

"ताई, फार वाईट झालं हो. पण हेसुद्धा लोकांपुढे यायला हवं. बोलाल का? नाव अर्थातच..."

मी उसळून उठणार, तोच आत्याने डिंकाने भरलेला हात माझ्या मनगटावर ठेवला.

"बोलते," ती म्हणाली. "पण या वेळी नाव घाला. माझंही आणि मालकांचंही."

"तसं नियमात बसत नाही. तुमच्याच भल्यासाठी आहे तो नियम."

आत्या कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी मशिनं चालू असूनही पार गेटपर्यंत ऐकू गेलं.

"माझं नाव गेटवरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे! मग तुम्ही लपवताय कोणाचं?"