पाहुण्यांच्या मठ्ठ्यातला रानपुदिना

बाळांनो, वाढलेला पदार्थ स्वतःहून चालू लागल्याचं मी मागच्या रविवारी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

त्या दिवशी तुमच्या सागरकाकाच्या लग्नाची बोलणी होती. मुलगी त्यानेच पसंत केलेली, कारंज्याच्या जैन व्यापाऱ्यांची. तिचे आईवडील आपलं घर, म्हणजे खरं तर आपलं स्वयंपाकघर, तपासायला आसेगावला येणार होते. मी शिस्तीत तयारी केली. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, पाणी गाळलेलं, जेवण दिवसाउजेडी. एवढ्यावर थांबायला हवं होतं! पण मठ्ठ्याच्या प्रत्येक पेल्यावर एक ताजी डहाळी खोचायची मला हौस आली. (इंग्रजी पाककृतींच्या चित्रांत असते तशी.) मग शेतामागच्या नाल्याकाठचा रानपुदिना स्वतः खुडून आणला.

"बजारातला आन ना," आजोबा म्हणाले. "नाल्यावरचा कायले पायजे तुले?"

"रानातल्याला वास जास्त असतो," मी ठणकावलं. धुतला तर वास जाईल, म्हणून नुसता झटकला. (हो, मी! दूधवाल्यालाही हात धुवायला लावणारी!)

होणारे व्याही (झालेच तर!) पेला तोंडाशी नेणार, तोच विहीणबाई किंचाळल्या, "थांबा! अवो, तुमचा पुदिना चालून राह्यला!"

डहाळीवर हरभऱ्याएवढी गोगलगाय! शिंगं रोखून ती व्याह्यांच्या मिशीकडे निघाली होती. सागर पांढराफटक पडला. मी चिमटा पुढे केला.

"हात नोका लावू, जीव हाय!" व्याही ओरडले. "आनला कुठून हा?"

"ना... नाल्यावरून."

"मंग तिथंच सोडू. त्याबिगर आमाले घास नाही गिळवनार."

निघाली वरात! पुढे पेला धरून व्याही. मागे जमीन न्याहाळत, जपून पाऊल टाकणाऱ्या विहीणबाई. मग लग्नाची आशा सोडलेला सागर. शेवटी आजोबा, "मी सांगतलं होतं" हा जप करत. नेमकी जागा दाखवायला मी काठावर वाकले, आणि गुडघाभर चिखलात!

मला ओढून काढता काढता विहीणबाईंना हसून धाप लागली. "देतो आमची पोरगी तुमच्या घरात," त्या म्हणाल्या.

मी चिखलातूनच हात जोडले.

"पन ईनबाई," त्यांनी मलाच बजावलं, "सैपाकघर तिचं. तुमी तिथं पाय ठेवायचा नाही!"

"मंजूर!" आजोबा ओरडले. माझं मत कुणी विचारलंसुद्धा नाही.

हुंडा देऊन मुलाचं लग्न जमवणारी मी पहिलीच वरमाई असेन, आणि दिलं काय, तर स्वतःचं स्वयंपाकघर!