छपरावरचा भोपळा
चिरलेल्या भोपळ्याचा वास आला की मला तंजावरजवळची आमची मिशनची शाळा आठवते. सुगीच्या सणाला मुलींनी घरचं पीक शाळेच्या चर्चमधल्या वेदीपाशी ठेवायचं असे. आम्ही हिंदू, मराठी, पण तिथेच पापनाशमला आमची शेती होती, म्हणून मी केळीचा आख्खा घड नेला. वर्गातल्या एका मुलीची आई आमच्याच शेतात लावणीला यायची. त्या मुलीनं झोपडीच्या छपरावर स्वतः वाढवलेला भोपळा आणला. भावाचं दान देवाला जास्त आवडलं म्हणून त्याचा जीव घेणाऱ्या काइनची गोष्ट सिस्टरनं सांगितली आणि "हे खरं मनापासून दिलेलं," म्हणत भोपळा सगळ्यांत पुढे ठेवला. माझा घड मागे सरकला. मी उठून म्हणाले, "सिस्टर, तो भोपळा आमच्या शेतातून चोरलाय." तिच्या आईला बोलावणं गेलं. ती चिखलाच्या पायांनी आली, भोपळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिनं लेकीच्या फाडकन मुस्काटात मारली. "चूक झाली, अम्मा, वडिलांना सांगू नका," असं ती मला, दहा वर्षांच्या पोरीला, हात जोडून म्हणाली. मुलगी रडली नाही. शाळेत मात्र पुन्हा आली नाही. परवा हॉस्पिटलात माझ्या खोलीची फरशी पुसायला आलेली बाई तीच निघाली. "त्या दिवशी मी खोटं बोलले, मला क्षमा कर," मी म्हणाले. तिनं फडकं पिळलं. "ठाऊक आहे. आईलाही ठाऊक होतं," ती म्हणाली, "पाय जरा वर घ्या."