वगळलेली फाईल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शिरीनला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

ऐंशीच्या दशकात कोल्हापुरातल्या आमच्या फौंड्रीत पहिला कॉम्प्युटर आला. त्याचा सगळा कारभार माझ्याकडे. हाताखाली एकच मुलगी — मंगळवार पेठेतली शिरीन मुजावर, नुकती बी.एस्सी. झालेली. वर्षभर खपून तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. आज कुठले साचे भरायचे ते सांगितलं, की भट्टीत बीडाचं लोखंड किती, भंगार किती, हे तो सांगायचा. मालक सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तुमच्यापेक्षा ही पोरगी हुशार हाय की!"

हसलो मी. दुसरं काय करणार होतो?

दर शनिवारी बॅकअप मी घ्यायचो. फ्लॉप्या मोजक्याच, म्हणून कुठल्या फाईली घ्यायच्या आणि कुठल्या वगळायच्या, तेही मीच ठरवायचो. पगाराची फाईल घ्यायचो, स्टोअरच्या मालाची घ्यायचो. जुनी पत्रं वगळायचो. आणि — थांबा, आधी पुढचं सांगतो.

एका सकाळी हार्ड डिस्क गेली. नवी बसवली, फ्लॉप्यांवरून एकेक फाईल परत चढवली, आणि पगार वेळेवर झाले. फौंड्रीनं मला डोक्यावर घेतलं. त्या गडबडीत शिरीननं हळूच विचारलं, "सर, माझी फाईल?"

"जागा नव्हती गं."

"माझंच चुकलं. मी आधी सांगायला पाहिजे होतं."

जागा होती. एक अख्खी फ्लॉपी कोरी पडून होती. दर शनिवारी तिच्या फाईलीचं नाव पडद्यावर दिसायचं आणि मी ती सोडून द्यायचो — मुद्दाम. डिस्क जावी असं मला वाटत होतं का? नसेल. पण गेली तेव्हा सगळ्यात आधी काय आठवलं? तिची फाईल. आणि — बरं वाटलं.

ती रडली नाही. पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसली. या वेळी भट्टीपाशी तासन्‌तास उभी राहिली, मिस्त्रींना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. नवा प्रोग्रॅम चालवला त्या दिवशी सगळी फौंड्री श्वास रोखून बघत होती. शेवटचा साचा काठोकाठ भरला आणि भट्टी रिकामी झाली — रस ना उरला, ना कमी पडला. जुन्या प्रोग्रॅमला हे कधीच जमलं नव्हतं! महादूमिस्त्री ओरडले, "जिकलं की ओ पोरीनं!" शिट्ट्या, टाळ्या, पत्र्यावर बडवलेले हातोडे! तिचे अब्बा पेढे घेऊन आले, काळ्या हातांनीच सगळ्यांनी खाल्ले. मीही खाल्ला. खरं सांगू? त्या घडीला मलाही मनापासून आनंद झाला होता.

मालकांनी तिला हार घातला. तिनं तो काढला, माझ्याकडे आली. "बाकीचं सगळं सरांनी वाचवलं, म्हणून मला एवढंच करावं लागलं," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

मी मान वाकवली. हार नीट बसावा म्हणून.