वेलचेरीतला कोकणी पाऊस

जूनमध्ये चेन्नईतलं डांबर चपलेला चिकटतं. अशा उन्हात माझे बाबा रेनकोट घालून खाली अंगणात उभे राहायचे आणि कोकमाच्या रोपावर पाऊस पाडायचे.

याला कारण आई. निवृत्तीनंतर सिंधुदुर्गातलं घर बंद करून दोघं माझ्याकडे वेलचेरीला आली. येताना आईनं मांडीवर हे रोप आणलं आणि पोचल्या पोचल्या अट घातली, "हे जगलं तर मी राहीन. नाहीतर गावी जाईन." मला आई हवी होती. सिरुसेरीच्या ऑफिसातून दमून आल्यावर दार आतून उघडणारं कुणीतरी असावं, एवढंच. म्हणून त्या वेडेपणात मीही सामील झाले.

कोकमाला लागते पाणी न धरणारी जांभ्याची माती, थोडी सावली आणि जूनपासून संततधार. वेलचेरी म्हणजे बुजवलेली दलदल, आणि इथला मोठा पाऊस येतो दिवाळीच्या सुमाराला. बाबांनी ठरवलं, रोपाला हे कळूच द्यायचं नाही. गावाहून माती मागवून पिंपात भरली, पिंपाला खाली भोकं पाडली, वर आईच्या जुन्या साडीची सावली केली. मग रोज नळीनं सरी, अधूनमधून उघडीप. वाऱ्यासाठी टेबलफॅन लावला, तेव्हा वॉचमनला वाटलं की यांना ऊन लागलंय.

वरच्या मजल्यावर तंजावरकडच्या मराठी आजी राहतात. त्या गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, इकडे पाऊस ऐप्पसी मासांत येतो. आता कशाला भिजता?"

"त्याला सांगू नका," बाबा रोपाकडे बोट दाखवून हळूच म्हणाले.

आजींनीही आवाज खाली आणला आणि "बरं" म्हणाल्या.

ऐप्पसी आला, पाऊस कोसळू लागला. कोकणात तेव्हा आभाळ निवळायला लागतं, म्हणून बाबांनी पिंपावर ताडपत्री बांधली. आई खिडकीतून बघायची आणि गावच्या तिकिटांची चौकशी करायची. मला तिचा भयंकर राग यायचा.

मग रस्त्यावरचं पाणी अंगणात शिरलं. बाबा भिजून तापानं पडले होते. मी खाली धावले, तर आई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभी. ताडपत्री वाहून गेली होती आणि ती रोपावर छत्री धरून होती. पाणी तर पिंपाच्या भोकांतून आत जात होतं.

"मेलं तर तुला जायला मिळेल ना?" मी म्हणाले.

"गप्प बस आणि माती उकर."

रोप मुळासकट वर आणून तिनं मोठ्या कुकरमध्ये लावलं. तेव्हापासून आमचा भात पातेल्यात शिजतो.

पाणी ओसरलं तोवर रोपाची सगळी पानं गळली होती. उरली नुसती काडी. आई तिला रोज पाणी घालते, आणि तिकिटांचा विषय घरात निघत नाही. परवा न राहवून मी म्हटलं, "आई, मेलंय गं ते."

तिनं कुकर माझ्यापासून जरा लांब सरकवला.

"माहितीये मला," ती हळूच म्हणाली. "त्याला सांगू नकोस."