न्हाणीजवळ बसणारा माणूस

ज्यांची समज वयाच्या मागे राहते, अशा मुलामुलींना अंघोळ, दात घासणं, पाळीच्या दिवसांतली स्वच्छता शिकवायला मी लाखांदूर तालुक्यात घरोघरी जाते. दिघोरीच्या पुढच्या एका गावात अशीच एक विशीतली मुलगी होती. बोलायची मोजकंच. आई तलावात मासे धरायची, वडील वारलेले. घरात तिसरा माणूस म्हणजे तिचा चुलता.

तो मला पहिल्या दिवसापासून खटकला. घरामागे चार बांबूंना जुनी साडी गुंडाळून न्हाणी केली होती. मी मुलीला आत नेलं, की तो जाळं घेऊन बाहेर येऊन बसायचा. जाळं विणायला अख्खं अंगण मोकळं होतं, पण त्याला जागा सापडायची ती तिथेच.

मुलगी मात्र शिकत होती. आधी मी तिच्या हातावर हात धरून साबण फिरवायची, मग कोपराला नुसतं बोट लावायची, मग तोंडानेच सांगायची. काखेत, मानेमागे, बोटांच्या बेचक्यांत. लक्षात राहावं म्हणून चित्रं करायचं ठरवलं आणि त्यासाठी न्हाणीतच मोबाईलवर बादलीचा, मगाचा, साबण धरलेल्या तिच्या हाताचा फोटो घेतला.

पुढच्या खेपेला आत गेल्यावर मी न्हाणीची साडी आडवी ओढून घेतली, तशी ती किंचाळली. माझा हात झटकला आणि परकर दोन्ही मुठींत आवळून उभी राहिली. अशी घाबरलेली मुलगी मी आधी एका घरी पाहिली होती, आणि तिथे घरातल्याच पुरुषावरची माझी शंका खरी निघाली होती.

"तुम्ही तलावावर असता तेव्हा हिच्याजवळ कोण असतं?" मी आईला विचारलं.

"हिचा काका रायते. काहून?"

"ही एकाएकी अशी का वागायला लागली?"

"मले का मालूम," म्हणत तिने मासळीचं टोपलं उचललं आणि ती आत गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग मी ठरलेला वार सोडून, न सांगता गेले. आई घरी नसेल अशीच वेळ धरली. न्हाणीत पाणी पडत होतं, मुलगी आत एकटी होती. चुलता साडीकडे पाठ करून, हातात काठी घेऊन उभा होता. मला पाहून त्याने वाट अडवली.

"तुम्ही इथे काय करताय?" मी विचारलं.

"मीच तुमाले इचारणार होतो," तो म्हणाला. "मोबाईलचा आवाज बाहेर येते. परद्याआड पोरीचे फोटो कायले काढता? कोणाले दाखवता?"

मी चित्रांचं सांगितलं. त्याला पटलं नाही. मोबाईल त्याच्या हातात दिला. बादली, मग, हात. माझ्या घरचे फोटो आले तरी तो बोट सरकवतच राहिला. एवढ्यात आई आली.

"मीच तिले सांगतलं," ती म्हणाली. "कोणीबी साडी ओढली का ओरड, अंगाले हात लावू देऊ नको. गावात एका पोरीचा फोटो कोणीतरी काढला, मंग सगळ्याइच्या मोबाईलवर फिरला."

"मलाही हात लावू द्यायचा नाही?"

"तुमी आमच्या कोण लागता?"

त्यांच्यासमोरच मी फोटो पुसून टाकले. तरीही चुलत्याबद्दलचा संशय तेवढ्याने गेला नाही. पुढे बऱ्याच वेळा मुलीला एकटीला बसवून, कापडी बाहुली पुढ्यात ठेवून विचारलं, कोण कुठे हात लावतं. चुलत्याचं नाव घेतलं, की ती प्रत्येक वेळी बाहुलीच्या डोक्यावरून हात फिरवायची. माझं नाव घेतल्यावर तिने बाहुलीचं कोपर दाखवलं.

उन्हाळ्यात चुलत्याने न्हाणीला टिनाचं दार बसवलं, आतून कडी. कडी लावायला ती साबणापेक्षा लवकर शिकली. आता आत ती एकटी असते आणि आम्ही तिघं बाहेर. चुलता मला बसायला बाज टाकून देतो, पण मोबाईल आधी त्याच्या हातात द्यावा लागतो. मीही बाज जराशी सरकवून अशी बसते, की तो मला दिसत राहील.