खेळ : मासळीची पाटी

पालघरपासून तारापूरपर्यंत माझ्या आतेभावाइतका शिकलेला आणि इतकं शिकून वाया गेलेला माणूस शोधून सापडणार नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. त्याच्या तोंडावर तर कितीदा सांगितलंय. हाडांचा डॉक्टर झाला, इथवर ठीक होतं. बोईसरला कारखाने आहेत, रस्त्यांना खड्डे आहेत, हाडांच्या धंद्याला मरण नाही. पण हा गृहस्थ पुढे परदेशी जाऊन खेळाडूंच्या सांध्यांच्या शस्त्रक्रिया शिकून आला, मुंबईत नामवंतांचे गुडघे उघडून मिटले आणि चाळिशी उलटल्यावर काय डोक्यात आलं कोण जाणे, सगळं सोडून बोईसरला दवाखाना थाटून बसला. दारावर बोर्ड लावला, 'क्रीडा-अस्थिशल्यचिकित्सक'. पहिला महिनाभर लोक आत येऊन प्रोटीनचे डबे मागत होते.

खेळाडू येईनात, तेव्हा शहाण्या माणसाने बोर्ड बदलला असता. याने आल्यागेल्या प्रत्येकाला खेळाडू ठरवलं. त्याच्या केसपेपरवर नाव, वय आणि तिसरा रकाना 'खेळ', आणि तो कोरा सोडायचा नाही हा त्याचा दंडक. कंबर धरून आलेल्या एका कामगाराला त्याने विचारलं, "कौनसा खेल?" तो बिचारा म्हणाला, "साहब, खेल-वेल कहाँ, मैं तो बॉयलर पे हूँ." याने शांतपणे लिहिलं, 'खेळ : बॉयलर'. ताडी काढणाऱ्याच्या कागदावर 'ताड, चाळीस फूट'. माझ्या बायकोच्या कागदावर 'पाटा-वरवंटा', आणि ती तो कागद पाहुण्यांना दाखवते. स्वतः बाराही महिने ट्रॅकसूट घालतो, गळ्यात शिट्टी अडकवतो आणि डावा पाय ओढत दवाखानाभर फिरतो. व्यायाम शिट्टीवर. ती वाजली की आतला पेशंट पाय उचलतो आणि बाहेर बाकावर बसलेले चौघे दचकतात. औषध द्यायचं सोडून सगळ्यांना एकच विचारतो, "परत मैदानात कधी उतरायचंय?" असल्या माणसाकडे मी आमच्या हिराबायला घेऊन गेलो, यात चूक माझीच.

हिराबाय चिंचणीत दारोदार मासळी विकते. तीस वर्षं डोक्यावर पाटी आणि पाटीला उजवा हात. तो हात खांद्याच्या वर जाईना. दुसऱ्या एका डॉक्टरने सांगितलं, वय झालं, पाटी सोडा. हे आम्हाला सांगताना तिचे डोळे भरले. "पाटी सोडून काय करू, भाऊ? घरात बसून माशा मारू?" आतेभावाने तिचा खांदा चाचपला, फोटो काढून आणायला लावले आणि सांगितलं, आतली दोरी अर्धी उसवलीय. पूर्ण तुटली तर ऑपरेशन, आणि मग पाटीचं नाव काढायचं नाही. एवढ्यावर थांबावं ना! म्हणाला, "पाटी डोक्यावर कशी चढवता, दाखवा."

"हितं? दवाखान्यात?"

"खेळ बघितल्याशिवाय खेळाडू कळत नाही."

"रिकामी कशी दावू? भरलेलीच लागल."

दुसऱ्या दिवशी ती ओल्या बोंबलांनी भरलेली पाटी घेऊन दवाखान्यात हजर. शेजारच्या मिठाईवाल्याने आठवडाभर आमच्याकडे बघून नाकाला रुमाल लावला. तिने जमिनीवरून पाटी एका हिसक्यात वर घेतली, कळ आली आणि अर्धे बोंबील केसपेपरांवर सांडले. याला आनंद झाला. म्हणाला, "सापडलं! पाटी वाहून दुखत नाही, एकटीने चढवून दुखतंय. किनाऱ्यावर बायका एकमेकींच्या पाटीला हात लावतात, मी लहानपणापासून बघतोय. तुमच्या पाटीला कोण लावतं?"

हिराबाय खाली बसून सांडलेले बोंबील वेचायला लागली. मग मलाच सांगावं लागलं. पाटीला हात लावायची तिची धाकटी जाऊ. बोंबील वाळवायच्या बांबूंच्या जागेवरून दोघींचं फाटलं, बोलणं बंद, आणि गेलं वर्षभर हिराबाय सगळ्या बायकांदेखत एकटीने पाटी चढवतेय. आतेभावाने गोळ्या लिहिल्या, रबराच्या पट्टीचे व्यायाम लिहिले आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, 'जावेशी बोलणे'. एवढं परदेशी शिक्षण घेऊन हे! मी हसून बेजार झालो. हिराबाय मात्र उसळली. "मेले तरी तिला हात लाव म्हननार नाय!"

"मग मी येतो," हा म्हणाला.

आणि खरंच येऊ लागला. रोज सकाळी, होड्या लागायच्या वेळेला, ट्रॅकसूट आणि शिट्टीसकट चिंचणीच्या वाळूत उभा. हिराबायच्या पाटीला खालून हात लावायचा, शिट्टी मारायचा आणि पाटी वर. पहिल्या दिवशी स्वतःच घसरून पडला, कपाळावर खवले चिकटले. सगळा किनारा फिदीफिदी हसत होता. मीही रोज जात होतो, त्याची फजिती बघायला, असं मी घरी सांगत होतो. पाच आठवडे हे चाललं. हिराबायचा हात हळूहळू कानापर्यंत पोचला.

मग एका सकाळी धाकटी जाऊ स्वतःची पाटी खाली ठेवून तरातरा आली. "अवो डाक्टर, बाजूला व्हा. लोक आमाला हसतात. आमच्या घरची पाटी हाय, आमी चढवू." हिराबायने मान फिरवली, पण पाटी धरली. दोघींनी ती वर घेतली. मग हिराबायने जावेच्या पाटीला हात लावला आणि दोघी पुढेमागे गावाकडे निघाल्या.

आतेभाऊ रिकाम्या हातांनी उभा राहिला. "उद्यापासून सकाळी काय करू, दादा?" म्हणाला आणि पाय ओढत परत फिरला.

त्या पायाचं सांगायचं मी इतका वेळ टाळलं. शाळेच्या कबड्डी संघात तो आमचा सगळ्यात चपळ गडी होता आणि मी कप्तान. शेवटच्या सामन्यात त्याचा गुडघा पिरगळला. मी तो ओढला, बाम चोळला आणि म्हणालो, "नाटकं करू नको, ऊठ." तो उठला, चढाई केली, आम्ही जिंकलो. पुन्हा तो कधीच खेळला नाही. परत कधी उतरतोस, हे त्याला कुणी विचारलं नाही, मी तर नाहीच. त्यानेही कधी बोल लावला नाही, आणि मी मात्र इतकी वर्षं त्याच्यावर हसत आलो. हसलं की तो विषय निघत नाही.

मी विचारलं, "तुझा केसपेपर कुणी काढलाय का रे?"

"गुडघेवाला इथे मी एकटाच. कोण काढणार?"

बंधाऱ्याच्या पायऱ्या आल्या. मी वर चढलो, तो खाली थांबला. 'ऊठ' म्हणायला मला तेव्हा क्षणही लागला नव्हता. आता दोन पायऱ्या परत उतरलो, वाकलो आणि मग कुठे 'हात दे' म्हणालो. त्याने हात दिला, वर आला आणि धापा टाकत म्हणाला, "दादा, तुझा खांदा कुरकुरतोय. उद्या ये."

जाईन. तिसऱ्या रकान्यात कबड्डी लिही म्हणेन, आणि तो लिहीत असताना, त्याची मान खाली आहे तोवर, त्या सामन्याबद्दल बोलायचं राहिलंय ते बोलून टाकीन.